म्हातारीच्या उशाखालची बाटली

लामदुआनने आपलं औषध मढ्याच्या पेटीत लपवलं होतं, आणि त्या गावात त्याहून सुरक्षित जागा नव्हती. विहाराच्या मागच्या पडवीत ती पेटी ठेवलेली असे. पांढरी, कडेने सोनेरी नक्षी, वर काचेचं झाकण आणि खाली घरघरणारं यंत्र. गावात कुणी गेलं की दूरदूरचे नातेवाईक येईपर्यंत प्रेत टिकावं म्हणून सरपंच खामपानच्या घराने ती विहाराला दान केली होती, आणि दान कुणाचं ते विसरलं जाऊ नये म्हणून घरातल्या सगळ्यांची नावं बाजूला रंगवून घेतली होती. रिकाम्या पेटीत डोकवायला पोरंटोरं तर सोडाच, दारू प्यायलेले बाप्येही धजत नसत.

मेलेल्या माणसाला गावात फ्रीज होता आणि लामदुआनच्या औषधाला नव्हता. तिचा स्वतःचा फ्रीज नवऱ्याच्या दुखण्यात विकला गेला होता. नवरा ट्रक चालवायचा. जाताना तो रोग बायकोला देऊन गेला. मागे राहिली ती हमरस्त्यावरची टपरी. कच्च्या पपईची कोशिंबीर, चिकट भात, आंबवलेल्या मासळीचं कालवण. तिच्या हाताला चव होती. आसपासच्या गावांत लग्न असो की मर्तिक, आचारीण म्हणून बोलावणं तिलाच. रोगाचं कळलं असतं तर त्याच हातचं पाणी कुणी प्यायलं नसतं, आणि हे लामदुआन पुरतं ओळखून होती, कारण नवऱ्याच्या शेवटच्या महिन्यांत शेजाऱ्यांनी त्यांच्या कुंपणाला टेकणंसुद्धा सोडलं होतं. तेव्हा तिने लिव्हर बिघडलंय म्हणून सांगून वेळ मारून नेली होती.

पहिलं औषध तिला काही वर्षं लागू पडलं आणि मग पडेनासं झालं. त्याच सुमाराला एका परदेशी कंपनीची माणसं नवी गोळी घेऊन जिल्ह्याच्या इस्पितळात आली. या जातीच्या औषधाच्या आधीच्या मऊ गोळ्या थंडाव्यात ठेवाव्या लागत. नवी गोळी उन्हाळ्यात तशीच टिकते का, हे त्यांना बघायचं होतं, आणि त्यासाठी पत्र्याच्या घरात राहणारे रोगी हवे होते. लामदुआनकडे दुसरं काही नव्हतं, पत्रा होता. एप्रिलमध्ये त्या पत्र्याखाली मेणबत्ती उभी राहत नसे. तिथे गोळी टिकली, आणि गोळीने लामदुआन टिकली. वजन वाढलं, केस गळायचे थांबले. कंपनीच्या माणसाने तिला हात जोडून वाकून नमस्कार केला, घराचा फोटो काढला आणि तुमच्यामुळे जगाचं भलं होणार आहे असं दुभाष्याकरवी सांगितलं.

त्यानंतर एकदा ती नेहमीप्रमाणे गोळ्या आणायला गेली तर परिचारिका रबिआपने मान हलवली.

"बंद झाल्या त्या."

"म्हणजे अजून आल्या नाहीत का, ताई?"

"येणारच नाहीत. बस जरा." रबिआपने खुर्ची पुढे केली. "सरकार म्हणालं, हे औषध परवडत नाही, तुमचं पेटंट असू दे तुमच्यापाशी, आम्ही स्वस्तात दुसरीकडून बनवून घेणार. कायद्यात तशी सोय आहे. त्यावरून कंपनीचं डोकं फिरलं. म्हणाली, मग आमची नवी गोळी तुमच्या देशात विकायलाच आणत नाही. परवानगीसाठी केलेला अर्ज मागे घेतला."

"पण मी चाचणीतली आहे. मला देत राहू म्हणाले होते."

"अर्ज चालू आहे तोवर देत राहू म्हणाले होते. आता अर्जच नाही, तर देणं कसलं?"

"मग सरकारची स्वस्त गोळी?"

"जहाजात आहे म्हणतात. मागच्या महिन्यातही जहाजातच होती." रबिआपने एक बाटली पुढे सरकवली. त्यात केशरी रंगाच्या, मऊ, टचटचीत गोळ्या होत्या. "तोवर ह्या जुन्या घे. सकाळ-संध्याकाळ. थंडाव्यात ठेवायच्या, उन्हात बिघडतात. आणि खंड पडू देऊ नकोस. ओळीने डोस चुकले तर हेही औषध तुला लागू पडायचं बंद होईल. याच्या पुढचं औषध माझ्याकडे नाही, लामदुआन. या देशात कुणाकडेच नाही."

सुरुवातीला तिने बाटली टपरीवरच्या बर्फाच्या डब्यात, लिंबांच्या खाली दडवली. एका गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने बर्फ घेताना ती बाहेर काढली आणि हे काय म्हणून विचारलं. पित्ताच्या गोळ्या, असं सांगून तिने हसत हसत बाटली काढून घेतली. मग ती विहारातल्या मोठ्या भंतेंकडे गेली. ते नात्याने तिचे लांबचे मामा. त्यांना सगळं ठाऊक होतं.

"पेटी रिकामीच पडलेली असते," भंते म्हणाले. "गावातला जो तो तिच्यात जाणारच आहे. तू औषध आधी पाठव."

"कुणी बघितलं तर?"

"त्या पेटीत कोण बघतंय? भुताला तुझ्या गोळ्या चालत नाहीत."

यंत्र बंद ठेवलं तर गंजतं, असं सांगून त्यांनी विहाराच्या राखणदाराला पेटी चालू ठेवायला लावली. लामदुआनने पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली बाटली उशाच्या बाजूला गादीखाली सरकवली. रोज पहाटे भिक्षेचं अन्न घेऊन आणि तिन्हीसांजेला फुलं घेऊन ती विहारात जाई, पेटीशी जाऊन गोळ्या घेई आणि परत येई. विधवा झाल्यापासून ती फार धार्मिक झाली, असं गाव कौतुकाने म्हणू लागलं. कुणी मेलं तर काय, याचाही तिने विचार केला होता. मर्तिकाचा निरोप पहिल्यांदा आचारणीकडे येतो, ही गावाची रीत. निरोप आला की आधी विहारात जायचं, बाटली काढायची, मग चुली मांडायच्या.

हिशेब चोख होता. फक्त सरपंचांची आई बुनरुआन आजी नव्या वर्षाच्या पाण्याच्या सणात गेली, आणि तीही घरी नव्हे, जिल्ह्याच्या इस्पितळात. सणामुळे हमरस्त्यावर गाड्यांची रीघ लागलेली, पोरं गाड्यांवर पाणी उडवत होती, आणि लामदुआन डोकं वर न काढता पपई कुटत होती. वर्षाची कमाई त्या चार दिवसांत होते म्हणून सरपंचीणबाईंनी, बिचारीला संध्याकाळीच सांगा, असं ठरवलं. दयेपोटीच ठरवलं. भंते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात गेलेले. राखणदाराने पेटीची वायर काढली आणि ती गाडीत चढवून दिली.

लामदुआन सरपंचांच्या घरी पोचली तेव्हा आजी पेटीत झोपलेली होती, कडेने झेंडूच्या माळा होत्या आणि यंत्र घरघरत होतं. तिने वाकून नमस्कार केला. काचेतून आजीचा चेहरा दिसत होता. गादी एका बाजूने उचलली गेल्यामुळे आजीचं डोकं उजवीकडे, दाराच्या दिशेला कललं होतं. गादी का उचलली गेली आहे, हे त्या घरात एकट्या लामदुआनला माहीत होतं. 

त्या संध्याकाळचा डोस चुकला. प्रेताजवळ अहोरात्र माणसं बसलेली असत, पत्ते खेळत, बिया सोलत. एकट्याने पेटीशी जाण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशी ती बाजारातून डुकराचं मांस आणते असं सांगून निघाली आणि थेट इस्पितळ गाठलं. सणाची सुट्टी. औषधाची खिडकी बंद. रबिआप मात्र आपल्या खोलीत होती.

"हरवली म्हणून नवी बाटली द्यायची तर वरून मंजुरी लागते," ती म्हणाली. "सुट्टीनंतर अर्ज जाईल. नाहीतर तूच काढून घे ती, कशीही."

"काढता येत नाही." कुठे आहे ते लामदुआनने सांगितलं नाही. तिची नजर भिंतीजवळच्या लोखंडी कपाटावर गेली. त्याच्या मुठीला लाल लाख लावलेली होती. "त्यात काय आहे?"

रबिआपने लपवलं नाही. "तुमच्याच गोळ्या. चाचणीतून उरलेल्या. कंपनीचा माणूस सील करून गेलाय, त्या परत न्यायच्या आहेत."

"परत नेऊन काय करतात?"

"जाळतात."

"मग मला थोड्या दे, ताई. जाळायच्याच आहेत तर."

"मोजलेल्या आहेत गं. एक जरी कमी भरली तर मी घरी बसेन. आणि माझ्या जागी जो येईल तो तुला खुर्चीसुद्धा देणार नाही."

"माझ्या पत्र्याखाली टिकलेली गोळी आहे ती."

"माहीत आहे मला," रबिआप म्हणाली, आणि तिने टेबलावरचा पंखा लामदुआनकडे वळवला. त्याखेरीज तिच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं.

लामदुआन मांस घेऊन परत आली आणि कामाला लागली. मर्तिकाच्या घरी रोज शेदीडशे माणसं जेवतात. रांधणाऱ्या हाताला उसंत नसते, आणि ते एका परीने बरंच होतं. जेवणवेळेला पहिलं ताट आजीचं. ते घेऊन पेटीपाशी जायचं, लाकडावर बोटांनी टकटक करायचं आणि मेलेल्याला मोठ्याने हाक मारून जेवायला बोलवायचं, अशी तिथली रीत आहे. हे काम आचारणीकडेच आलं.

"आजी, उठा. जेवून घ्या," लामदुआन म्हणायची आणि टकटक करायची. आजीच्या कानामागे, वीतभर अंतरावर, फडक्यात गुंडाळलेला तिचा जीव होता. मधे एक काच होती.

तिसऱ्या दिवशी दहन ठरलं होतं. दहनाआधी पेटी उघडतात, नारळाच्या पाण्याने प्रेताचं तोंड धुतात. त्या गर्दीत हात घालता येईल, अशी तिने मनाशी जुळवाजुळव केली होती. पण सरपंचीणबाई काचेपाशी उभ्या राहून डोळे पुसू लागल्या.

"बघा तरी. आईंचं तोंड दाराकडेच आहे. पहिल्या दिवसापासून. सोमपोतची वाट बघतायत त्या."

सोमपोत हा थोरला नातू, तैवानला कारखान्यात होता. सगळ्या बायका काचेपाशी जमल्या. खरंच की, म्हणाल्या. मान वळलेली आहे. आजीचा फार जीव त्याच्यावर.

"उशी सरकली असेल," लामदुआन हातातलं ताट सावरत म्हणाली. "उघडून जरा सरळ करू या का? मी करते, हलक्या हाताने."

"प्रेत हलवतात का गं कुणी? त्यांनीच वळवलीय मान." सरपंचीणबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की लामदुआन ताट घेऊन मागे सरली.

फोन लावला गेला. सोमपोतला रजा मिळायला आठवडा लागणार होता. आजीची इच्छा म्हणजे इच्छा. सरपंचांनी दहन पुढे ढकललं, आणि लामदुआनला आणखी आठवडाभराचा शिधा काढून दिला.

त्या दुपारी अंगणात जेवणं चालू असताना सरपंचांचा धाकटा मुलगा विसुत बोलत होता. राजधानीजवळच्या दागिन्यांच्या कारखान्यात तो खडे बसवायचा, नुकताच कामावरून कमी झाला होता, आणि ऐकणारं कुणी भेटलं की त्याला राहवत नसे.

"त्या रोगट लोकांपायी गेली माझी नोकरी," तो म्हणाला. "सरकारनं त्यांच्या औषधासाठी गोऱ्यांशी भांडण काढलं. पेटंट मोडलं. गोरे काय गप्प बसतील? त्यांनी व्यापारातली सवलत काढून घेतली, आमच्या मालावर जकात बसवली. मालक म्हणाला, घरी जा."

"कुणाच्या दुखण्यासाठी कुणाला उपाशी मारायचं, काही आहे का?" एक म्हातारा म्हणाला.

"दुखणं कसलं? मजा मारली त्यांनी. मला तर वाटतं, मरू द्यावं. दोन वर्षांत सगळं साफ होईल, आणि आमचा माल पुन्हा जाईल." विसुतने रिकामी वाटी पुढे केली. "लामदुआनताई, बांबूच्या कोंबांचं कालवण आणा ना अजून. तुमच्या हातचं खाल्लं की जरा बरं वाटतं."

तिने वाढलं. डाव सांडला नाही. मात्र स्वयंपाकाच्या मांडवात परत आल्यावर ती भाताच्या टोपल्यांमागे खाली बसली. आठवडाभर थांबलं तर चव तेवढी गावाकडे राहील आणि हात चितेवर जळून जातील. सांगितलं तर हात राहतील आणि त्यांना काम उरणार नाही. तिला जगायचं होतं. त्याला मोठं काही कारण नव्हतं, कुणी लेकरू वाट बघत नव्हतं. तिला नुसतं जगायचं होतं, आणि हे मागायला आपल्याला लाज का वाटावी याचा तिला राग आला. ती उठली आणि सरपंचांना बाजूला बोलावलं.

खामपान वाईट माणूस नव्हता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाच त्याची नजर तिच्या हातांवर गेली.

"माझ्या नातवाच्या बारशाला तूच रांधलं होतंस."

"हो, सरपंच."

"बरं." तो म्हणाला. "औषध तुझं आहे, तुला मिळालं पाहिजे. उघडतो मी. पण आईची परवानगी घ्यावी लागेल. कारण सांगून."

"मनातल्या मनात सांगा. तुमच्या पाया पडते."

"मनातलं मेलेल्याला कसं ऐकू येईल? जेवायला बोलावतेस तेव्हा तू मोठ्यानंच बोलावतेस ना? आणि न सांगता पेटी उघडली, तर आईच्या अंगावरचं सोनं काढलं म्हणेल कुणी उद्या. साक्षीला माणसं हवीत."

तो पेटीपाशी गेला, उदबत्ती लावली, गुडघे टेकले. शेजारी भिक्खूंच्या पठणासाठी लावलेला माइक होता. रोज सकाळी गावाला सूचना द्यायची सवय. सरपंचाने तो हातात घेतला.

"आई," तो म्हणाला, आणि अंगणातल्या नारळाला बांधलेला कर्णा त्याच्याबरोबर बोलला, "माफ कर. तुझी झोप मोडतो. आपल्या लामदुआनला एड्स आहे. तिचं औषध तुझ्या उशाखाली राहिलंय. तेवढं काढून घेतो. रागावू नकोस, घराला बाधू नकोस."

अंगणात चमच्यांचा आवाज थांबला.

विहाराच्या राखणदाराने झाकण उघडलं, सरपंचाने हात घातला आणि फडक्यातली बाटली बाहेर काढली. गादी खाली बसली. आजीचं डोकं सरळ झालं आणि ती छपराकडे बघू लागली.

"म्हणजे ती कुणाची वाट बघत नव्हती," विसुत म्हणाला.

"फोन करा सोमपोतला," सरपंचीणबाई म्हणाल्या. "रजा घेऊ नको म्हणावं. उद्याच उरकू."

कुणी शिवी दिली नाही, कुणी भांडं आपटलं नाही. माणसं एकेक करून उठली, पोट भरलं म्हणाली, आज ऊन फार आहे म्हणाली, आणि भरल्या पानांवरून हात धुवायला गेली. एक बाई आपल्या पोराला घराच्या मागे घेऊन गेली आणि त्याच्या घशात बोट घालून त्याला ओकायला लावू लागली. दोन गड्यांनी कालवणाचं पातेलं उचललं आणि तळ्याकडे नेलं. विसुत कुंपणाला धरून वाकला होता; त्यालाही ओकायचं होतं, पण येत नव्हतं.

सरपंचीणबाई लामदुआनजवळ आल्या, पण दोन हात अंतर राखून. "दमली असशील. जा घरी. आणि ती भांडी घेऊन जा सगळी. आमची आहेत तीही ने, आम्हाला नकोत."

लामदुआनने मान हलवली. बाटली तिच्या मुठीत होती, गार होती, आणि त्या क्षणी तिला बाकी कशाची पर्वा नव्हती. तिने ती हलवून पाहिली. आतून गोळ्यांची खुळखुळ आली नाही. बुडावर काहीतरी एकदाच आदळलं.

"गार आहे ना?" राखणदार मदत म्हणून म्हणाला. तो अजून पेटीचं झाकण धरून उभा होता. "यंत्र चांगलं आहे. तेवढा पहिला दिवस सोडला तर. इस्पितळातून प्रेत मिळेपर्यंत पेटी तशीच गाडीत होती, दुपारभर, उन्हात."

तिने झाकण फिरवलं. गोळ्या वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या, आणि मग पेटी सुरू झाल्यावर पुन्हा गोठल्या होत्या. आत बाटलीच्या आकाराचा एकच केशरी गोळा होता. तिने बोट घालून नखाने एक गोळी सुटते का पाहिलं. साल फाटली आणि तेलकट, कडू रस बोटावर आला. तो किती डोसांचा होता, आणि त्यात औषध उरलं होतं की नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

अंगणातली माणसं बघत होती. लामदुआनने बोट तोंडात घातलं, चोखलं आणि पुन्हा बाटलीत घातलं.